‘पोस्टमन येऊन गेला, घरी कोणी नव्हतं’ : एका नकली पार्सलचं प्रकरण

७ ऑक्टोबर २०१४, मंगळवार. ऑस्ट्रेलियाच्या एबीसी या सार्वजनिक प्रसारण संस्थेची चोवीस तास बातम्या देणारी वाहिनी त्या सकाळी मधेच अडखळली. सिडनीच्या स्टुडिओतून थेट बातम्या देता येईनात. अर्ध्या तासाच्या आसपास आधीचं तयार असलेलं काही दाखवून वेळ मारून नेली, मग मेलबर्नच्या स्टुडिओने काम अंगावर घेतलं आणि वाहिनी पुन्हा रुळावर आली. या सगळ्याच्या मुळाशी होता ऑस्ट्रेलिया पोस्टच्या नावाने आलेला मेल. तुमचं पार्सल घेऊन आमचा माणूस आला होता, घरी कोणी नव्हतं, अशा अर्थाचा.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला हसू आलं होतं. एवढी मोठी वाहिनी, आणि पार्सलच्या चिठ्ठीला फसली! मग आठवलं की त्याच आठवड्यात मीही एका कुरिअरच्या मेलची वाट बघत होतो आणि दिवसातून चारदा इनबॉक्स उघडत होतो.

मी छोट्या कार्यालयांची कम्प्युटरची कामं बघतो. एक-दोन सीए, एक दवाखाना, एक पतपेढी, एक छापखाना. तिथे नवीन माणसं रुजू झाली की तासभर बसवून त्यांना हे प्रकरण सांगतो. बँकेचे आणि ओटीपीचे किस्से ऐकून सगळ्यांचे कान किटलेले असतात. पार्सल म्हटलं की मात्र प्रत्येकाला आपलं एखादं यायचं राहिलेलं पार्सल आठवतं, आणि तिथूनच बोलणं सुरू होतं.

चिठ्ठी

आपल्याकडे स्पीड पोस्टचं पत्र घेऊन पोस्टमन आला आणि दाराला कुलूप असलं की तो चिठ्ठी टाकून जातो. दुसऱ्या दिवशी ओळखपत्र घेऊन आपण पोस्टात जातो. ऑस्ट्रेलियातही रीत अशीच आहे. घरी कोणी नसलं तर टपालपेटीत कार्ड पडतं, आणि ते घेऊन जवळच्या पोस्टातून पार्सल सोडवून आणायचं. चोरांनी हीच चिठ्ठी उचलून मेलमध्ये आणली. पार्सल पोहोचवता आलं नाही, लिंकवर जाऊन पार्सलची माहिती छापून घ्या, तो कागद घेऊन पोस्टात या. ठरावीक मुदतीत नेलं नाहीत तर ठेवणावळ म्हणून रोजचा आकार पडेल.

या मजकुरात मला सगळ्यात हुशारीची वाटते ती ‘छापून घ्या’ ही सूचना. छापायचं म्हणजे आधी फाइल उतरवून घ्यायची. एरवी कोणी सांगितलं असतं की ‘ही फाइल डाउनलोड करून उघडा’, तर निम्मे लोक थबकले असते. पोस्टात कागद दाखवावा लागतो हे मात्र सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं, त्यामुळे डाउनलोड हे कामातलंच एक पाऊल वाटतं. रोजच्या आकाराची धमकीही मापात होती. हजार डॉलरचा दंड लिहिला असता तर माणूस चिडून फोन करतो. रोजचे थोडे डॉलर म्हटलं की ‘कशाला उगाच, सोडवून टाकू’ असं वाटतं.

आता वेळ बघा. त्या वर्षी लक्ष्मीपूजन २३ ऑक्टोबरला होतं. म्हणजे हे मेल फिरत होते त्या दिवसांत पुण्या-मुंबईहून निघालेले फराळाचे डबे सिडनी-मेलबर्नच्या वाटेवर असणार. ऑस्ट्रेलियाचं जैवसुरक्षा खातं दुधाच्या मिठाईच्या बाबतीत फार काटेकोर, त्यामुळे तिकडच्या मराठी घरांत ‘आईचं पार्सल अडवलं तर नसेल?’ ही धाकधूक दरवर्षीचीच. अशा घरात पोस्टाचा मेल आला तर तो कोण बाजूला टाकेल? चोरांना दिवाळी माहीत असण्याचं कारण नव्हतं. लाखो पत्त्यांवर मेल सोडला की त्यातले हजारो लोक कशाची तरी वाट बघतच असतात, एवढा हिशेब त्यांना पुरेसा होता.

म्हणून ‘मेलमधल्या शुद्धलेखनाच्या चुका शोधा’ हा जो सल्ला अजून पोस्टरवर छापतात, तो मला कुचकामी वाटतो. पोस्टाचं बोधचिन्ह जागच्या जागी होतं, रंग तेच होते. शिवाय सरकारी खात्याच्या खऱ्या पत्रांतही चुका असतात, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

लिंकच्या पलीकडे

लिंकमागे दडलेल्या, फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामला संशोधकांनी टॉरेंटलॉकर नाव दिलं. विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आपल्या नोंदी ठेवतं त्या वहीत, तो आपल्या खुणा ‘बिट टॉरेंट ॲप्लिकेशन’ या नावाखाली ठेवायचा, म्हणून. खंडणीच्या पाटीवर मात्र तो स्वतःला ‘क्रिप्टोलॉकर’ म्हणवून घ्यायचा. खरा क्रिप्टोलॉकर हा असाच आधीचा प्रोग्राम, तो २०१३ च्या सप्टेंबरमध्ये उगवला होता आणि २०१४ च्या मध्याला अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून त्याचं जाळं तोडलं होतं. नाव मात्र पेपरात गाजलेलं होतं. मेलेल्या गुंडाच्या नावावर हप्ता मागावा, तसा हा प्रकार.

मेलमधली लिंक दाबली की उघडणारं पान पोस्टाच्या ट्रॅकिंगच्या पानासारखं दिसायचं. ऑस्ट्रेलिया पोस्टचं खरं संकेतस्थळ ऑसपोस्ट डॉट कॉम डॉट एयू. नकली नावांत पोस्टाच्या नावाला ट्रॅकिंग, सर्व्हिस असे शब्द चिकटवून नव्याने नोंदवलेली नावं असायची. याच्या वर्षभर आधी, ऑगस्ट २०१३ मध्ये, चेक प्रजासत्ताकात हेस्परबॉट नावाचा बँकचोर प्रोग्राम असाच टपाल खात्याच्या आडून पसरला होता. तिथे खरा पत्ता चेस्कापोश्टा डॉट सीझेड आणि नकली चेस्कापोश्टा डॉट नेट. शेपटी तेवढी वेगळी. ही दोन्ही कामं एकाच टोळीची असावीत असा एसेट या स्लोव्हाक अँटीव्हायरस कंपनीच्या संशोधकांचा कयास होता.

इथे एक सवय शिकवायला मला फार आवडतं. आपण पत्ता डावीकडून वाचतो आणि ओळखीचा शब्द दिसला की थांबतो. चोर नेमका तो शब्द डावीकडे ठेवतो. पत्ता वाचायचा तो उजवीकडून. संकेतस्थळाच्या नावानंतरची पहिली एकटी तिरकी रेघ शोधायची आणि तिच्या अलीकडचे शेवटचे दोन-तीन तुकडे बघायचे. भारतीय पोस्टाच्या पत्त्यात त्या जागी ‘गव्ह डॉट इन’ असतं. ‘इंडियापोस्ट’ हा शब्द पुढे कितीही वेळा आला आणि शेवटी ‘डॉट टॉप’ किंवा ‘डॉट शॉप’ असलं, तर ते घर पोस्टाचं नाही. मोबाइलवर पत्ता अर्धाच दिसतो ही अडचण आहेच, आणि म्हणूनच पुढे सांगणार आहे ती सवय याहून महत्त्वाची.

त्या नकली ट्रॅकिंगच्या पानाची राखण चोरांनी नीट केली होती. ऑस्ट्रेलियासाठी केलेलं पान ऑस्ट्रेलियातूनच उघडायचं. दुसऱ्या देशातून कोणी डोकावलं तर त्याला सरळ गूगलवर पाठवून द्यायचे, म्हणजे परदेशी संशोधकाला काही संशयास्पद दिसायलाच नको. विंडोजखेरीज दुसऱ्या यंत्रावरून कोणी आलं तर पान नम्रपणे सांगायचं की कृपया विंडोजच्या कम्प्युटरवरून या. चोर दारात उभा राहून ‘साहेब, तिजोरीच्या खोलीतून या’ म्हणतोय, असंच हे! तरी लोक उठून कम्प्युटरपाशी गेले असणार.

मग यायचा कॅप्चा. वेडीवाकडी अक्षरं बघून ती भरा, त्याशिवाय फाइल मिळणार नाही. याचा एक हेतू उघड आहे: मेल तपासणारी यंत्रं कॅप्चा भरत नाहीत, त्यामुळे आतली फाइल त्यांच्या हाती लागत नाही. दुसरा परिणाम माणसाच्या मनावरचा. जिथे कॅप्चा आहे ती जागा खरी आणि काळजी घेणारी असणार, असा आपला ग्रह. रेल्वेचं तिकीट काढताना काय कमी कॅप्चा भरतो आपण!

अक्षरं भरली की एक झिप फाइल उतरायची. तिच्यात पार्सलच्या माहितीचं नाव दिलेली, पीडीएफचं चित्र लावलेली फाइल. प्रत्यक्षात ती ईएक्सई, म्हणजे चालणारा प्रोग्राम. विंडोज मुळातच ओळखीच्या फाइलींची शेपटी, म्हणजे नावाच्या शेवटची पीडीएफ, ईएक्सई अशी अक्षरं, लपवून ठेवतं, त्यामुळे बघणाऱ्याला दिसतं ते नाव आणि लाल-पांढरं पीडीएफचं चित्र. त्याच वर्षाच्या शेवटाकडे याच टोळीने वर्डच्या फाइलीत मॅक्रो, म्हणजे फाइलीच्या आत चालणारा छोटा प्रोग्राम, घालूनही हा माल पाठवला.

कुलूप

फाइल उघडली की समोर काहीच घडत नसे. पार्सलचा कागद काही दिसत नसे, आणि माणूस ‘बिघडलेली फाइल दिसते’ म्हणून पुढच्या कामाला लागायचा. मागे टॉरेंटलॉकर आपल्या सर्व्हरशी बोलून किल्ली ठरवायचा आणि कागदपत्रं, फोटो, हिशेबाच्या फाइली एकेक करून कुलूपबंद करायचा. प्रत्येक फाइलीचा सुरुवातीचा २ मेगाबाइटचाच भाग तो बदलायचा. फाइल निकामी व्हायला तेवढं पुरतं, आणि काम झटपट उरकतं. विंडोज स्वतःहून जुन्या प्रती राखून ठेवतं, त्या तो आधीच पुसून टाकायचा. कम्प्युटरला जोडलेली बाहेरची डिस्क आणि कार्यालयाचा सामायिक ड्राइव्हही त्याच्या तावडीत सापडायचा. छोट्या कार्यालयात धाबं दणाणतं ते इथे. फाइल उघडतो एक जण आणि कुलूप लागतं सगळ्यांच्या कामाला.

आणखी एक काम तो गुपचूप करायचा. आउटलुक, थंडरबर्ड अशा मेलच्या प्रोग्रामांतून पत्त्यांची वही आणि मेल पाठवायची ओळख चोरून न्यायचा. पुढचे मेल त्या पत्त्यांवर सुटायचे.

शेवटी पाटी यायची: तुमच्या फाइली कुलूपबंद झाल्या आहेत, किल्ली हवी असेल तर बिटकॉइनमध्ये पैसे भरा. पैसे भरायचं पान टोर या ओळख लपवणाऱ्या जाळ्यावर, त्या त्या देशाच्या भाषेत आणि चलनात. लवकर भरलेत तर निम्मी किंमत, मुदत टळली की दुप्पट. एक फाइल फुकट उघडून दाखवायची सोयही होती, दुकानदार नमुना चाखायला देतो तशी. खंडणी ४.०८१ बिटकॉइनपर्यंत जायची, तेव्हाच्या भावाने सुमारे १,५०० डॉलर.

सप्टेंबर २०१४ मध्ये, म्हणजे एबीसीच्या प्रकाराआधी, या कुलपात एक गंमत सापडली होती. फिनलंडच्या निक्सू कंपनीतल्या संशोधकांच्या लक्षात आलं की एका कम्प्युटरवरच्या सगळ्या फाइलींवर चोरांनी एकच सांकेतिक पट्टी चढवली आहे. कापडावर ठसे मारणाऱ्या कारागिराने सगळ्या थानांवर एकच ठसा मारावा, तसं. मग एखाद्या थानाचं कोरं कापड आणि छापलेलं कापड शेजारी ठेवलं की ठसा कळतो. कुठेतरी पेनड्राइव्हवर किंवा जुन्या मेलमध्ये एखाद्या २ मेगाबाइटहून मोठ्या फाइलीची मूळ प्रत असेल, तर ती आणि तिची कुलूपबंद प्रत ताडून बाकीच्या फाइली सोडवता येत होत्या. संशोधकांनी हे जाहीर केलं आणि लवकरच चोरांनी पद्धत बदलली. शोध जाहीर करावा की पीडितांना आतल्या आत मदत करत राहावी, हा वाद या धंद्यात जुनाच आहे. मला विचाराल तर गुपचूप मदत किती जणांपर्यंत पोहोचली असती याची शंकाच आहे.

डिसेंबर २०१४ मध्ये एसेटने या टोळीचा हिशेबच मांडला. प्रत्येक पीडिताला पैसे भरण्यासाठी स्वतंत्र पान होतं, आणि त्या पानांचे क्रमांक कसे ठरतात याचा अंदाज बांधता येत होता. संशोधक एकेक क्रमांक घालत गेले आणि चोरांच्या सर्व्हरवरूनच माहिती उचलत गेले. जगाला कुलपं लावत हिंडणाऱ्यांचं स्वतःचं दार असं नुसतं लोटलेलं! निघाले ते आकडे असे: ३९,६७० कम्प्युटर, २८ कोटी ४७ लाखांच्या आसपास कुलूपबंद फाइली, आणि पैसे भरलेले फक्त ५७०. शेकडा दीडसुद्धा नाही. तेवढ्यातून कमाई किमान २,९२,७०० डॉलर, सगळ्यांनी दुप्पट भरली असेल तर ५,८५,४०१. लक्ष्य केलेले देश तेरा: ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा, तुर्कस्तान, बाकीचे युरोपातले. अमेरिका त्यात नव्हती. प्रत्येक देशात वेश स्थानिक. कुठे टपाल खातं, कुठे थकलेलं बिल, कुठे गाडी जोरात चालवल्याचा दंड.

या आकड्यांतून मी एवढंच घेतो की शंभरातल्या अठ्ठ्याण्णव जणांनी पैसे भरले नाहीत. त्यातल्या काहींकडे बॅकअप होता, काहींनी आयुष्यभराच्या फोटोंवर पाणी सोडलं. दोन्ही गट आकड्यात एकाच रकान्यात बसतात.

माणसाचा हात कुठे कुठे लागला

आता या साखळीकडे परत बघू. मेल उघडला. लिंक दाबली. कॅप्चा भरला. झिप उतरवली. झिप उघडली. आतली फाइल उघडली. विंडोजने बहुधा ‘हा प्रोग्राम अनोळखी आहे, चालवू का?’ असं विचारलं असेल, तिथे ‘हो’ म्हटलं. सहा-सात वेळा माणसाने आपल्या हाताने दार उघडून दिलं. हे मी दोष द्यायला सांगत नाही. या टोळीने विंडोजमधलं कुठलंही गुप्त भगदाड वापरलेलं नव्हतं. माणसाने मधेच कुठेही हात आखडता घेतला असता तर सगळं बारगळलं असतं, हे सांगायचं आहे.

तरीही ‘सहाव्या पायरीवर सावध व्हा’ हा सल्ला चालत नाही. पाच पायऱ्या चढून आलेल्या माणसाला सहावी दिसत नाही, कागद छापायचा असतो त्याला. हात थांबायला हवा पहिल्याच पायरीवर, आणि तिथे शंका घ्यायला शिकवण्यापेक्षा वेगळा रस्ता शिकवणं सोपं जातं. माझ्या कार्यालयांत मी एकच रस्ता ठरवून दिला आहे: पार्सलची चौकशी मेलमधून करायचीच नाही. मेल खरा असो की खोटा, तो वाचून बंद करायचा. मग जिथून वस्तू मागवली त्या ॲपमध्ये किंवा संकेतस्थळावर आपण स्वतः जायचं आणि तिथला ट्रॅकिंग क्रमांक बघायचा. पोस्टाचं पार्सल असेल तर पावतीवरचा क्रमांक घेऊन पोस्टाच्या संकेतस्थळावर, तेही पत्ता स्वतः टाइप करून. कोणीतरी आपल्याला पाठवलंय आणि क्रमांकच माहीत नाही, अशा वेळी पाठवणाऱ्याला फोन करायचा. आईने डबा पाठवला असेल तर पावती आईकडे आहे.

या रस्त्यात मेल ओळखायची परीक्षाच नाही, म्हणून तो टिकतो. खऱ्या मेलवरही लिंक दाबली जात नाही, त्याने बिघडत काही नाही. हे सांगितलं की कोणीतरी विचारतंच, ‘पण सर, खरंच पार्सल अडकलेलं असलं तर?’ असलं तर ॲपमध्येही तेच लिहिलेलं दिसेल. दिसलं नाही तर ते पार्सल नाहीच.

बाकीची कामं कम्प्युटर बघणाऱ्याची, म्हणजे माझ्यासारख्याची. फाइलींच्या शेपट्या दिसायला लावायच्या: विंडोज ११ मध्ये फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘शो’, तिथे ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’. मग ‘पार्सल’ नावापुढे ईएक्सई, एससीआर किंवा जेएस दिसलं की पीडीएफच्या चित्राचं बिंग फुटतं. मेलच्या सर्व्हरवरच अशा शेपट्यांची अटॅचमेंट अडवायची, झिपच्या आत असली तरी. रोजच्या वापराचं खातं ॲडमिनिस्ट्रेटरचं ठेवायचं नाही. वर्डच्या मॅक्रोंबाबत मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये शहाणपणा केला आणि इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो मुळातच बंद ठेवले. कोणी मेलमध्ये ‘एनेबल कंटेंट दाबा’ किंवा ‘फाइलीच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन अनब्लॉक करा’ असं सांगत असेल तर तो आपला हितचिंतक नव्हे. अँटीव्हायरस हवाच, पण अशा टोळ्या प्रत्येक फेरीला फाइल नव्या वेष्टनात बांधून पाठवतात आणि ती ओळखीची होईपर्यंत काही तास जातात. सकाळी आलेला मेल सकाळीच उघडला जातो.

बॅकअपवर मात्र मी हट्टी आहे. कायम जोडून ठेवलेली डिस्क हा बॅकअप नव्हे. टॉरेंटलॉकरच्या दृष्टीने ती आणखी एक खोली. पतपेढीत आम्ही दोन डिस्क ठेवल्या आहेत. एक सोमवारी, एक गुरुवारी जोडायची, काम झालं की काढून कपाटात. क्लाउडवर फाइली असतील तर जुन्या आवृत्त्या किती दिवस राहतात ते आधी बघून ठेवायचं. आणि सहा महिन्यांतून एकदा एखादी फाइल खरोखर परत आणून बघायची. हे शेवटचं कोणी करत नाही. मी स्वतः एका दवाखान्यात दोन वर्षं रिकामा फोल्डर इमानेइतबारे ‘बॅकअप’ करत होतो, हे कबूल करून टाकतो. नशीब, तो परत आणायची वेळ आली नाही.

वेश तोच, वाट वेगळी

टॉरेंटलॉकर मागे पडला, चिठ्ठी काही मागे पडली नाही. २०२० च्या शेवटी फ्लूबॉट आला, अँड्रॉइड मोबाइलवर. मेलऐवजी एसएमएस: तुमचं पार्सल येतंय, ट्रॅक करायला हे ॲप घ्या. ॲप घेतलं की ते ‘ॲक्सेसिबिलिटी’ची परवानगी मागायचं, ती दिली की बँकेच्या ॲपवर आपला पडदा चढवायचं, आणि संपर्कयादी चोरून पुढचे एसएमएस सोडायचं. पत्त्यांची वही चोरायची युक्ती तीच. युरोपभर आणि मग ऑस्ट्रेलियात ते पसरलं. मे २०२२ मध्ये अकरा देशांच्या एकत्रित कारवाईत डच पोलिसांनी त्याचं जाळं बंद पाडलं.

आपल्याकडे भारतीय पोस्टाच्या नावाने येणारा एसएमएस तुम्हीही पाहिला असेल. पार्सल गोदामात आलंय, पत्ता अपुरा आहे, इतक्या तासांत दुरुस्त करा. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या फॅक्ट चेक विभागाने तो खोटा असल्याचं जाहीर केलेलं आहे. त्याचा रोख बहुधा कार्डाच्या तपशिलावर असतो. व्हॉट्सॲपवर फिरणारी ‘आरटीओ चलन’ नावाची एपीके फाइल मात्र थेट टॉरेंटलॉकरच्या वळणाची: दंडाच्या पावतीचं सोंग, आत प्रोग्राम. एपीके म्हणजे मोबाइलचा ईएक्सई. पोस्ट, कुरिअर, वाहतूक पोलीस यांपैकी कोणीही कागद म्हणून एपीके पाठवत नाही.

दाबलं गेलंच तर

पहिलं काम नेटवर्क तोडायचं. केबल उपटायची, वायफाय बंद करायचं, बाहेरची डिस्क जोडलेली असेल तर काढायची. मशीन चालू ठेवायचं की बंद करायचं यावर जाणकारांत दोन मतं आहेत. मोठ्या संस्थेत तपासाला माणूस लगेच येतो, तिथे मेमरीतले पुरावे जपायला चालू ठेवतात. छोट्या कार्यालयात मी सरळ बंद करायला सांगतो, कारण चालू राहिलेल्या दर मिनिटाला आणखी फाइली जात असतात. त्यानंतर दुसऱ्या यंत्रावरून मेलचा पासवर्ड बदलायचा आणि ओळखीच्यांना कळवायचं, की माझ्या नावाने काही आलं तर उघडू नका. पाटीचा फोटो काढून ठेवायचा. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर, आणि पैसे गेले असतील तर १९३० वर ताबडतोब. कुलूपबंद फाइली पुसू नयेत. डच पोलीस, युरोपोल आणि सुरक्षा कंपन्यांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या संकेतस्थळावर अनेक जातींच्या कुलपांच्या किल्ल्या फुकट मिळतात, आणि आज नसलेली किल्ली काही महिन्यांनी तिथे येऊ शकते.

हे सगळं पहिल्या दहा मिनिटांत व्हायला हवं, आणि ती दहा मिनिटं बहुतेक ठिकाणी घाबरून गप्प बसण्यात जातात. जिथे मालक चारचौघांत झापतो तिथे तर तास जातो. म्हणून मालकांना मी आधीच बजावतो: सांगायला आलेल्या माणसाला त्या दिवशी काही बोलायचं नाही.

गेल्या पावसाळ्यात छापखान्यातून दुपारी फोन आला. तिथे मुद्रितं तपासायला एक बाई आहेत, साठीच्या. ‘सर, मी दाबलं.’ कुरिअरचा मेल, झिप उतरली, आतलं काही उघडलं नव्हतं. मी म्हटलं, केबल काढा. म्हणाल्या, ‘आधी केबलच काढली, मग तुम्हाला फोन लावला.’ संध्याकाळी जाऊन मशीन तपासलं, काही गेलेलं नव्हतं. त्या नातवाच्या बुटांची वाट बघत होत्या. बूट कधीचे आलेले होते. कुरिअरवाल्याला दार बंद दिसलं म्हणून तो ते शेजारच्या रसवंतीत ठेवून गेला होता, नेहमीसारखा, काहीही न कळवता.